पावसाळ्यात अंगात साचलेली ओल कशी कमी करायची: खाणंपिणं, उटणं आणि बाकीचं सगळं

जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात, मुंबईत, पालघरकडे राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. भिंतीला ओल, कपड्यांना कुबट वास, मिठाच्या बरणीत पाणी सुटलेलं, आणि नेमकं त्याच दिवसांत आपलं अंगही जड झालेलं असतं. सकाळी उठवत नाही, जिभेवर पांढरा चिकट थर, बोटातली अंगठी फिरत नाही, दोन घास खाल्ले की पोट गच्च, शौचाला चिकट होतं आणि पोट साफ झालंय असं वाटतच नाही, पायाच्या बेचक्यात चिखल्या, जांघेत खाज. आयुर्वेदात या जास्तीच्या ओलाव्याला क्लेद म्हणतात. क्लेद मुळात वाईट नाही हां, थोडी ओल शरीराला लागतेच, जास्तीची झाली की ती बाहेर वाहून नेणं हे लघवीचं काम आणि त्वचेला हवी तेवढी धरून ठेवणं हे घामाचं काम असं शास्त्रात सांगितलंय. गडबड होते ती बाहेर जाण्यापेक्षा आत जास्त तयार व्हायला लागते तेव्हा.

आणि इथेच बहुतेक लोक चुकीच्या टोकाला धरतात. ओल म्हणजे पाणी, मग पाणी पिणं कमी करू, नाहीतर दिवसभर लिंबू-मध-दालचिनी पीत राहू असं काहीतरी चालू होतं. पण क्लेद वाढतो तो मुख्यतः अग्नी मंद झाल्यामुळे, म्हणजे खाल्लेलं नीट पचत नाही त्याचा चिकट भाग मागे राहतो. ओल्या सरपणावर अजून लाकडं रचली तर धूरच होणार. त्यामुळे आधी पचन, मग कोरडेपणा आणणारं खाणं, आणि मग बाहेरून उटणं-शेक वगैरे, हा क्रम सोडू नका.

आधी एक काम, घरगुती उपाय सुरू करायच्या आधीच

नडगीच्या हाडावर अंगठ्याने चार-पाच सेकंद दाबून बघा. खळी पडून तशीच राहत असेल तर हा नुसता पावसाळी जडपणा नाही, ती खरी सूज आहे, डॉक्टरकडे जा. लघवीची तपासणी, क्रिएटिनिन, थायरॉइड, बीपी एवढं तरी बघतीलच. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज, लघवीला फेस, आडवं झालं की दम लागणं, चार दिवसांत वजन भराभर वाढणं, एकाच पायाला सूज आणि दुखणं, गरोदरपणात सूज आणि सोबत डोकेदुखी, यातलं काहीही असेल तर कुळथाचं कढण पीत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. बीपीच्या काही गोळ्यांनीसुद्धा, उदाहरणार्थ अॅम्लोडिपिन, घोटे सुजतात, ते डॉक्टरला विचारलं की गोळी बदलून मिळते, स्वतःहून बंद करायची नाही. आणि शुगर तपासून किती दिवस झाले तेही आठवा.

हे सगळं नॉर्मल आहे आणि तरी अंग जड वाटतंय, अशांसाठी पुढचं.

तीन गोष्टी बंद केल्याशिवाय बाकी कशाचा उपयोग नाही

आयुर्वेदाचे जुने आचार्य चरक, त्यांनी प्रमेहाची (म्हणजे मधुमेहासारख्या लघवीच्या रोगांची) कारणं सांगताना सुरुवातच कशाने केलीय तर सुखाने बसून राहणं, सुखाने झोपून राहणं आणि दही. मग पाण्यातल्या आणि पाणथळ भागातल्या प्राण्यांचं मांस, दूध, नवीन धान्य, गुळाचे पदार्थ. एवढ्या जुन्या काळी लिहिलेली यादी आहे आणि वर्क फ्रॉम होमवाल्या माणसाचं वर्णन वाटतं.

दुपारची झोप. ग्रीष्म सोडला तर बाकीच्या ऋतूंत ती कफ वाढवते म्हणून नको असं सांगितलंय (लहान मुलं, म्हातारी माणसं, आजारी, रात्रपाळी करणारे यांना सूट आहे). रविवारी मटण-भात खाऊन चार वाजेपर्यंत झोपलं की संध्याकाळी तोंड सुजल्यासारखं होतं ते हेच. अगदीच राहवत नसेल तर खुर्चीत बसल्या बसल्या डोळे मिटा, पंधरा-वीस मिनिटं, आडवं नाही व्हायचं. वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवर जरा लवंडणं, तिचा आपण दोन तासांचा कार्यक्रम करून टाकलाय.

दही. रात्री तर नाहीच. पावसाळ्यात फ्रिजमधलं आंबट दही, त्यात साखर, ही सगळ्यात वाईट आवृत्ती. त्याऐवजी दुपारी ताक, पातळ, लोणी काढलेलं, त्यात चिमूटभर सुंठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, हिंग आणि सैंधव. दही घुसळलं, लोणी निघालं, पाणी पडलं की त्याचा गुणच बदलतो. दह्यात पाणी ओतून चमच्याने ढवळलं म्हणजे ताक झालं असं समजू नका, रवी लागते नाहीतर बरणीत घालून जोरात हलवा.

बसून राहणं. याबद्दल खाली व्यायामात सांगते.

धान्य: सगळ्यात मोठा फरक इथे पडतो

नवीन तांदूळ जड, चिकट, ओलावा वाढवणारा. जुना म्हणजे निदान वर्षभर ठेवलेला हलका. दुकानदाराला "जुना आहे का" विचारायची पद्धत आपल्या आज्यांची होती ती उगाच नव्हती. कोकणातल्या माणसाला भात सोडा म्हणणं म्हणजे भांडणच, तर सोडू नका, बदल करा. तांदूळ धुवून कपड्यावर पसरून सुकवायचे, मग कढईत मंद आचेवर परतायचे. आधी दाणे पारदर्शक असतात ते हळूहळू दुधासारखे पांढरे होतात, खमंग वास सुटतो, एखादा दाणा तडतडतो, तिथे गॅस बंद. असे दोन-तीन दिवसांचे एकदम भाजून डब्यात ठेवता येतात. नंतर पातेल्यात भरपूर पाण्यात शिजवून वेळून काढायचा, कुकरला नाही. हा भात मोकळा होतो, पोटात गोळा होऊन बसत नाही. वेळलेली पेज टाकू नका, घरात कोणी तापातून उठलं असेल तर त्याला मीठ-जिरं घालून द्या.

बाकी दिवसांत जव, ज्वारी, नाचणी, वरी. जव हे क्लेद-मेदावर पहिल्या नंबरचं धान्य मानलंय पण आपल्याकडे घरात येतच नाही, गव्हात चौथा हिस्सा जव घालून दळून आणा, पोळ्या थोड्या कडक होतात एवढंच. बाजरी कोरडी आणि गरम, थंडीत मस्त, पावसाळ्यात अधूनमधून. श्रावणातल्या उपासांना साबुदाण्याची खिचडी म्हणजे नुसता स्टार्च, त्यात दाण्याचं कूट, बटाटा, वर दही! अंग जड होण्यासाठी अजून काय पाहिजे. त्यापेक्षा वऱ्याचे तांदूळ भाजून केलेले, सोबत दाण्याची पातळ आमटी.

लाह्या विसरू नका. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या आणतो, नागाला दाखवतो आणि उरलेल्या मुलं खातात, संपलं. खरं तर संध्याकाळी पाच वाजता जी भूक लागते, जिच्यासाठी वडापाव आणि फरसाण असतं, तिथे या लाह्या बसतात. साळीच्या लाह्या तर त्याहून हलक्या, उलट्या-जुलाबात, तहानेत, मेदात सगळीकडे सांगितल्यात. थोडं तूप, हिंग, कढीपत्ता, हळद घालून परता, चकल्यांची आठवण येत नाही असं खोटं बोलणार नाही पण चालून जातं.

डाळीत मूग आणि कुळीथ. उडीद नाही, म्हणजे मेदूवडा, डोसा-इडली जरा कमीच, आंबवलेलं आणि उडदाचं दोन्ही एकत्र.

कुळथाचं कढण

हे नीट सांगते कारण नेटवर कुठेही काहीही लिहिलेलं असतं. पाव वाटी कुळीथ निवडून (खडे असतात, नीट बघा, दात जाईल) कोरडेच भाजायचे, रंग गडद झाला की उतरवायचे. रात्रभर भिजत, सकाळी तेच पाणी टाकून नवीन चार वाट्या पाण्यात कुकरला पाच-सहा शिट्ट्या. मग पाणी गाळून घ्यायचं, ते तांबूस तपकिरी दिसतं, हेच कढण. उरलेल्या कुळथाची उसळ. फोडणीला अर्धा चमचा तूप, जिरं, हिंग, ठेचलेल्या तीन-चार लसूण पाकळ्या, मिरी चार दाणे कुटून, एखादंच आमसूल, आणि मीठ बेताचं. एक उकळी काढून गरम गरम जेवणाआधी वाटीभर. नारळाचं दूध घालून सार करतात ते चवीला कितीतरी भारी आहे पण या कामाचं नाही.

कुळीथ उष्ण आहे. ज्यांना अॅसिडिटी, तोंड येणं, मूळव्याधीतून रक्त, पाळीत जास्त जाणं असा त्रास आहे त्यांनी मुगाचं कढण घ्यावं, कृती तीच, भिजवायची गरज नाही. गरोदर बायकांनी कुळथाच्या वाटेला जाऊ नये.

पाणी किती

सकाळी उठल्या उठल्या लिटरभर पाणी ढोसा असे फॉरवर्ड फिरत असतात, ज्यांचं अंग आधीच असं आहे, भूक मंद आहे, त्यांच्यासाठी हे उलटं आहे. तहान लागेल तेव्हा, घोट घोट, कोमट. बाटलीवर टाइम लिहून पाणी पिणं बंद करा. आयुर्वेदाचेच दुसरे आचार्य वाग्भट, त्यांनी जेवण आणि पाण्याचा साधा हिशोब दिलाय, जेवणाआधी पाणी प्यायलं तर माणूस रोडावतो, जेवताना मध्ये मध्ये घेतलं तर आहे तसा राहतो, जेवणानंतर प्यायलं तर स्थूल होतो. तर जेवणानंतरचा तांब्या बंद, ताटासोबत अर्धा ग्लास पुरे.

रोजच्या पाण्यासाठी: एक लिटर पाण्यात अर्धा चमचा सुंठ पूड आणि एक चमचा नागरमोथ्याची भरड, उकळून पाऊण लिटर उरवायचं, गाळून थर्मासमध्ये. चव मातकट लागते, दोन दिवसांत सवय होते. सुंठीने छातीत जळजळ झाली तर नुसता नागरमोथा.

पण ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे, ज्या बाळाला पाजतात, जे उन्हात किंवा भट्टीजवळ काम करतात, त्यांनी पाणी कमी करायचं नाही, नुसतं उकळून घ्या. आणि किडनी-हार्टच्या पेशंटला डॉक्टरनी पाण्याचं माप ठरवून दिलेलं असतं, तेच पाळायचं.

मध घालायचा तर पाणी कोमट होऊन जवळजवळ गार झाल्यावर एक चमचा, उकळत्यात नाही. शुगर असणाऱ्यांनी मध ही साखरच समजा, आयुर्वेदिक आहे म्हणून ग्लुकोमीटर सोडत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही.

मीठ, चवी, भाज्या

खारट रस ओल आणतो, धरून ठेवतो, हे शास्त्रही म्हणतं आणि बीपीचा डॉक्टरही. सैंधव वापरतो म्हणून दुप्पट घालायचं हा नवीन फॅशनचा प्रकार आहे, सैंधवातही सोडियमच असतं. लोणचं, पापड, वेफर्स, सुकी मासळी, रेडिमेड सूप यात खरं मीठ लपलेलं असतं. कडू, तुरट आणि तिखट या तीन चवी ओल कमी करतात, त्यातलं तिखट आपण भरपूर खातो (तळलेल्यासोबत, म्हणजे जमाखर्च तिथेच), कडू आणि तुरट ताटात नसतंच. कारलं चिंचगुळात बुडवून केलं की त्याचं कारलेपण संपतं, नुसतं कांद्यावर परतून करा. मेथी, पडवळ, दोडका, शेवग्याच्या शेंगा, पडवळाच्या बियांची चटणी.

पावसाळ्याच्या सुरुवातीला बाजारात आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात तिथे टाकळा आणि घेटुळी दिसली तर घ्या. टाकळ्याला संस्कृतात चक्रमर्द म्हणतात आणि तो त्वचेच्या खाजेच्या रोगांवर प्रसिद्ध आहे, कोवळी पानं, कांदा-लसणावर, वर थोडं खोबरं. घेटुळी म्हणजे पुनर्नवा, सुजेवरची नेहमीची वनस्पती, मूगडाळ घालून छान होते. मात्र स्वतः रानातून तोडून आणू नका, सारख्या दिसणाऱ्या दोन-तीन वनस्पती असतात, विकणाऱ्या मावशींना बरोबर कळतं. किडनीचा आजार असलेल्यांनी पालेभाज्या-रानभाज्या विचारूनच.

फक्त एक, सगळंच कोरडं-कडू-रुक्ष करून टाकायचं नाही. पावसाळ्यात वात भडकलेला असतो, म्हणून तर गुडघे दुखतात. झड लागलेल्या दिवशी जेवणात थोडं आंबट, खारट, तूप असं हवं पण हलकं आणि कोरडं, असं जुन्या ऋतुचर्येत सांगितलंय. गरम वरणभातावर चमचाभर तूप, लिंबू, हे चालतं, किंबहुना पाहिजे. जोशात येऊन तूप बंद करणारे लोक आठ दिवसांत बद्धकोष्ठ आणि पाठदुखी घेऊन बसतात.

रात्रीचं जेवण सात-साडेसातला, हलकं. चातुर्मासात एकभुक्त राहायची पद्धत होती, जैन मंडळी सूर्यास्ताआधी जेवतात, आणि चातुर्मास बरोबर याच ऋतूत पडतो. मुंबई लोकलने साडेनऊला घरी पोचणाऱ्याला हे सांगून उपयोग नाही हे मान्य, त्यांनी सहा वाजता ऑफिसात डबा खावा आणि घरी येऊन कढण नाहीतर मुगाची पातळ खिचडी.

अंगाला उटणं

दिवाळीत चार दिवस लावतो ते सुगंधी उटणं पाण्यात कालवून. इथे कोरडं लावायचं असतं, याला उद्वर्तन म्हणतात. कुळथाचं पीठ दोन वाट्या, त्रिफळा चूर्ण एक वाटी, नागरमोथा अर्धी वाटी, वाळा पाव वाटी, एकत्र चाळून बरणीत. आंघोळीआधी दहा मिनिटं, जमिनीवर जुना पेपर अंथरा (नाहीतर बाथरूमचा ड्रेन तुंबेल आणि घरातल्यांची बोलणी खाल). हातावर मूठभर घेऊन पायाच्या घोट्यापासून वर, मनगटापासून खांद्याकडे, म्हणजे लव जिकडे जाते त्याच्या उलट दिशेने चोळायचं. मांड्या, पोट, दंड इथे जरा जोर, छातीवर हलकं. कातडी गुलाबी आणि उबदार वाटायला लागली की बस. त्वचा मुळात कोरडी असेल तर आधी थोडं तिळाचं तेल. इसब, गजकर्ण, फुटलेली कातडी यावर अजिबात नाही.

गुडघे जड, थंड वाटतात त्यांना वाळूची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक. डायबिटीसमुळे पायाला संवेदना कमी असेल तर नको, भाजलेलं कळत नाही.

चिखल्या आणि जांघेची खाज

पाय धुतले की बेचक्या वेगळ्या कापडाने पुसायच्या, प्रत्येक बोटाची, मग पंख्यासमोर दोन मिनिटं. ओले मोजे परत घालायचे नाहीत, ऑफिसात सुकी जोडी ठेवा. अर्धवट वाळलेले आतले कपडे इस्त्री फिरवूनच घाला, जीन्स पावसाळ्यात बंद. जुन्या ऋतुचर्येत पावसाळ्यात अनवाणी चालू नका, वरच्या मजल्यावर राहा, कपड्यांना धूप द्या असं लिहिलेलं आहे. शेगडीत निखारा, त्यावर कडुनिंबाची वाळलेली पानं, ओवा, गुग्गुळ, वर टोपलं उपडं ठेवून त्यावर कपडे पसरायचे. घरात दमेकरी असेल तर धूर नको, इस्त्री पुरे.

गजकर्ण झालं तर मेडिकलवाल्याकडून "खाजेची ट्यूब" आणू नका. त्यातल्या कित्येक ट्यूबमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं, दोन दिवसांत खाज थांबते आणि बुरशी आतून पसरत राहते, मग महिनोन्महिने जात नाही. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. बायकांनी अंगावरून पांढरं जाणं, त्याला वास किंवा खाज असेल तर तेही दाखवायचंच.

व्यायाम

अर्ध्या ताकदीने. कपाळ, नाक, काखेत घाम आला आणि तोंडाने श्वास घ्यावासा वाटला की थांबायचं, ही खूण शास्त्रातलीच. उन्हाळ्या-पावसाळ्यात जास्त व्यायाम नको म्हणतात म्हणून अजिबातच नको असा अर्थ लोक काढतात. बिल्डिंगचे जिने, सूर्यनमस्कार, घरातल्या घरात पाऊण तास चालणं. दर तासाला खुर्चीतून उठा. आणि पाऊस उघडून ऊन पडलं की गच्चीवर जाऊन बसा, ऊन आणि मोकळा वारा यांनाही लंघनाच्या, म्हणजे अंग हलकं करणाऱ्या उपायांच्या यादीत जागा आहे, फुकट मिळतंय.

औषधांबद्दल थोडंच

रात्री अर्धा चमचा त्रिफळा कोमट पाण्यातून, जुलाब होत नसतील तर. जेवणाआधी चिमूटभर त्रिकटू (सुंठ, मिरी, पिंपळी) मधातून, अल्सर-अॅसिडिटीवाल्यांनी सोडून. याच्या पुढचं, गुग्गुळाच्या गोळ्या, आसव-अरिष्टं, भस्मं, वैद्याला नाडी दाखवूनच. गुग्गुळ थायरॉइडच्या औषधांत ढवळाढवळ करू शकतो, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगायला विसरू नका.

हे सगळं सोलापूर, नगर, जतकडच्या लोकांनी जसंच्या तसं उचलू नये. आयुर्वेदात पाणथळ प्रदेशाला आनूप आणि कोरड्याला जांगल म्हणतात, रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथला उपाय माणदेशात केला तर माणूस सुकून जाईल. तिकडे फक्त दुपारची झोप आणि रात्रीचं दही एवढं सोडलं तरी पुष्कळ.

गणपतीत मोदक खा, दोन, गरम असताना, वर तुपाची धार सोडून, आणि त्या रात्री जेवू नका. फरक पडतोय की नाही ते सकाळी दात घासायच्या आधी जीभ बघून कळतं, थर पातळ होऊन कडेने गुलाबी दिसायला लागते, शौच चिकटायचं थांबतं, ठरलेल्या वेळी भूक लागते. दोन-तीन आठवड्यांत यातलं काहीच झालं नाही तर तपासण्या करा. आणि घट बसून गेले, ऑक्टोबर हीट सुरू झाली की कुळीथ, सुंठ, त्रिकटू बंद करा, तेव्हा पित्त उसळतं, तोंड येतं. मूग, पडवळ, आवळा, थोडं दूध-तूप यावर या.